सहा पॉइंटच्या भावात आठ पॉइंट

माथेरानला किती वेळा गेलोय ते आता मोजता येणार नाही. डोंबिवलीकराला माथेरान म्हणजे कर्जत लोकल पकडायची, नेरळला उतरायचं, शेअर टॅक्सीत स्वतःला कोंबून घ्यायचं आणि दस्तुरी नाक्यावर (मोटारी इथपर्यंतच) गरगरत बाहेर पडायचं, बास. शाळेची सहल तिथे, कॉलेजचा पावसाळी ट्रेक तिथे, लग्नानंतरची पहिली ट्रिप पण तिथेच (हनिमून नाही, हनिमूनला मनालीला गेलेलो, तिथल्या याकचं प्रकरण वेगळंच आहे, परत कधीतरी). आणि प्रत्येक वेळी घोडा. माथेरानला जाऊन घोड्यावर बसला नाहीत तर गेलात कशाला, असं आमच्याकडे म्हणतात. म्हणजे मीच म्हणायचो.

या दिवाळीच्या सुट्टीत परत गेलो. मी, बायको, अकरा वर्षांची लेक आणि आई. आईचे गुडघे गेलेत त्यामुळे ती आणि बायको नाक्याजवळच्या अमन लॉज स्टेशनवरून शटल ट्रेनने वर जाणार, मी आणि लेक घोड्यावरून पॉइंट बघत बघत दुपारी हॉटेलवर पोचणार असा बेत होता. आता दस्तुरीला काय होतं हे ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. टॅक्सीचं दार उघडायच्या आधी तीन माणसं खिडकीशी. "साब पैदल बहोत दूर है, मम्मी को कैसे ले जाओगे", "घोडा पाहिजे का दादा", "ट्रेन आज बंद आहे". ट्रेन बंद नव्हती, समोर लाइन लागलेली दिसत होती. या फसवाफसवीला कंटाळून माथेरानच्याच लोकांनी २०२५ च्या मार्चमध्ये अख्खं गाव बंद ठेवलं होतं, पर्यटक दस्तुरीवरूनच वैतागून परत जातात म्हणून. त्यानंतर थोडं सुधारलंय म्हणतात. असेल.

तर मी घासाघीस सुरू केली. मला हे काम मनापासून आवडतं, खोटं का बोला. समोर विशीतला एक पोरगा होता, त्याच्याकडे दोन घोडे, एक तांबूस रंगाचा सुलतान आणि दुसरी काळपट घोडी, तिचं नाव त्याने ज्यूली सांगितलं. सहा पॉइंटचा एक भाव त्याने सांगितला. दरपत्रकाचा बोर्ड मागेच होता पण बोर्डाकडे बघून घासाघीस करण्यात मजा काय. मी म्हटलं जास्त सांगतोयस, तो म्हणाला सुट्टी आहे साहेब, मी दोन पावलं चालू लागलो, त्याने हाक मारली, नेहमीचं नाटक. शेवटी तो पैसे कमी करायला तयार होईना तेव्हा मी म्हटलं ठीक आहे, पैसे तेवढेच घे पण आठ पॉइंट करायचे. पोरगा एक मिनिट गप्प बसला. मग "चला" म्हणाला. बायकोने लेकीला सांगितलं, बघ, बाबाकडून शिक.

हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सुरुवातीचा रस्ता छान. लाल माती, वर झाडांची कमान, खाली टापांचा आवाज. लेक ज्यूलीवर, मी सुलतानवर, पोरगा दोन्ही लगाम हातात धरून मध्ये, कधी चालत कधी पळत. माथेरानात मोटारी नाहीत हेच तर माथेरानचं वैशिष्ट्य, २००३ पासून हा सगळा पट्टा कागदोपत्री इको सेन्सिटिव्ह झोन आहे, पण गाड्या तर त्याच्याही खूप आधीपासून नाहीत. म्हणून वर सामान न्यायला घोडा, गॅस सिलिंडर न्यायला घोडा, आणि कालपरवापर्यंत माणसाला न्यायला हातरिक्षा. मला या गोष्टीचा कायम अभिमान वाटायचा, म्हणजे आपल्या मुंबईच्या इतक्या जवळ एक गाव आहे जिथे हॉर्न वाजत नाही वगैरे. हॉर्न वाजत नाही कारण इंजिनाचं काम कोणीतरी पायांनी करतंय, हे डोक्यात यायला मला पंचेचाळीस वर्षं लागली.

अलेक्झांडर झाला, रामबाग झाला, लिटिल चौक झाला. वन ट्री हिलला लेकीने पंधरा फोटो काढले. चढ आला की पोरगा "हा हा हा" असा आवाज करायचा आणि घोडा मान खाली घालून चढायचा. मला खालून त्याचा श्वास मांडीला जाणवत होता, म्हणजे तंग आवळलेला असतो ना पोटाखालून, तो पट्टा दर श्वासाला ताणायचा आणि सैल व्हायचा, ताणायचा आणि सैल व्हायचा. आधी गंमत वाटली. बेल्व्हेडेअरपर्यंत गंमत गेली.

शार्लोट लेकला थांबलो. लेकीला बाथरूमला जायचं होतं. परत आलो तर पोराने सुलतानचा तंग सोडलेला आणि खोगीर वर उचलून खालचं गोणपाट सरळ करत होता. पाठीवर घामाचा ओला चौकोन, वाफ येत होती. आणि त्या ओल्या तांबूस पाठीवर, मान जिथे पाठीला मिळते त्या उंचवट्याच्या जरा मागे, दोन्ही बाजूंना हाताच्या पंजाएवढे पांढरे पट्टे. अगदी ब्रशने रंग मारावा तसे. लेक म्हणाली, "बाबा, बघ ना, याच्या पाठीवर ढग आहेत." मला पण भारी वाटलं. फोटो काढला. एका ढगाच्या कडेला केसच नव्हते, तिथली कातडी गुलाबी दिसत होती आणि माश्या बसत होत्या, पोराने हाताने त्या हाकलल्या आणि गोणपाट टाकलं, खोगीर टाकलं, गुडघा घोड्याच्या पोटाला लावून तंग आवळला. सुलतानने कान मागे पाडले आणि शेपटी एकदा जोरात झटकली, बाकी काही नाही.

"बसा साहेब, अजून दोन बाकी आहेत."

बसलो. हे पण लिहायलाच हवं. दोन पॉइंट बाकी होते आणि पैसे ठरलेले होते, बसलो.

संध्याकाळी हॉटेलवर रेंज आली तेव्हा फोटो शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, खाली लेकीचं ढगांचं वाक्य. चाळीसेक हार्ट आले. ग्रुपवरचा एक मित्र गुरांचा डॉक्टर आहे, त्याने हार्ट पाठवलं नाही, फोनच केला. म्हणाला, अरे हे ढग जन्माचे नाहीत. खोगीर नीट बसत नसेल, त्यात वजन जास्त असेल आणि तासन्‌तास तीच जागा दाबली जात असेल तर तिथे जखम होते. जखम बरी होते पण केसाला रंग देणारा जो भाग असतो तो मरतो, मग तिथे उगवणारा केस कायमचा पांढरा. म्हणजे तुझ्या पोरीला दिसले ते ढग नाहीत, जुन्या जखमांचे वण आहेत, आणि कडेला गुलाबी दिसतंय ती आत्ताची. फोटोत दोन बाजूंना वेगवेगळ्या आकाराचे आहेत म्हणजे बहुतेक एकदा नाही, अनेकदा झालंय.

मी म्हटलं, अरे पण तो तर आरामात चालत होता, लंगडत नव्हता, ओरडला नाही. तो म्हणाला, घोडा ओरडत नसतो रे. कुत्र्याच्या शेपटीवर पाय दिला की अख्ख्या सोसायटीला कळतं. घोडा हा शिकार होणारा प्राणी, कळपात जो दुखतंय म्हणून दाखवेल त्याला वाघ आधी धरणार, त्यामुळे दुखणं लपवायचं हे त्याच्या रक्तातच आहे. तुला कळायला हवं असेल तर कान बघ, नाकपुड्या बघ, तंग आवळताना मान फिरवून चावायला येतो का ते बघ. कान मागे पाडले होते का?

पाडले होते.

मग त्याने माझं वजन विचारलं. ८४. नाश्ता धरून ८५ म्हण. तो म्हणाला, साधारण हिशोब असा की घोड्याने स्वतःच्या वजनाच्या एक पंचमांशापर्यंत ओझं न्यावं, खोगीर धरून. तुझा तो सुलतान फोटोवरून तीनशे किलोच्या फार वर वाटत नाही. म्हणजे साठ किलो. खोगीर आणि गोणपाट आठ-दहा किलो काढ त्यातून. तुझी बायको पण बसायला नको त्यावर, तुझं तर सोडच. (बायको शेजारी बसून ऐकत होती, स्पीकरवर होता. तो विषय वेगळा.)

त्या रात्री झोप नाही आली. मग मोबाईलवर वाचत बसलो. आपल्याकडे ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्राचे नियम आहेत, मला पत्ताच नव्हता. कोणत्या जनावरावर किती वजन लादायचं याचा तक्ताच आहे त्यात, खेचराला २०० किलो, गाढवाला ५०, तट्टाला ७०. हे लादायच्या ओझ्याचं आहे, पण मी पण ओझंच ना, फक्त तिकीट काढलेलं. दिवसाला एकूण नऊ तासांच्या वर काम नाही, सलग पाच तासांच्या वर नाही, मध्ये विश्रांती. दुपारी बारा ते तीन तापमान ३७ डिग्रीच्या वर असेल तर कामाला लावायचं नाही. १९६५. म्हणजे माझ्या जन्माच्या पंधरा वर्षं आधी कोणीतरी बसून हा सगळा विचार करून ठेवलाय. आणि प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याबद्दलचा जो मूळ कायदा, १९६० चा, त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती तर दहा रुपये ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत माथेरान मार्केटमध्ये पाण्याची बाटली आणि एक वडापाव येईल, चिक्की नाही येणार.

पण मला खरी टोचणी लागली ती कायद्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची. माझी घासाघीस. मी पैसे कमी केले नव्हते, पॉइंट वाढवले होते. पोराला जेवढे मिळणार होते तेवढेच मिळाले. मालकाचा वाटा मालकाला गेला. माझं काहीच गेलं नाही, उलट दोन पॉइंट फुकट. मग ते दोन पॉइंट आले कुठून? पॉइंट काय पोराच्या खिशातून निघत नाहीत. ते सुलतानच्या दुपारच्या विश्रांतीतून निघाले, ज्या तासाभरात त्याचं खोगीर काढून त्याला तोबरा लावला असता तो तासभर मी त्याच्या पाठीवर बसून इको पॉइंटला "हॅलोओओ" ओरडत होतो. त्या सौद्यात तिसरा होता आणि त्याला विचारलंच नव्हतं. बाबाकडून शिक.

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्केटमध्ये तोच पोरगा भेटला. मला वाटलं होतं त्याला जरा झापावं, घोड्याची काळजी घेत नाहीस वगैरे. चहा पाजला त्याला आणि झापायचं राहूनच गेलं. घोडे त्याचे नाहीत, शेठचे. एका फेरीमागे त्याचा ठरलेला हिस्सा. सुट्टीचे दिवस, दिवाळी, ख्रिसमस, मे महिना, शनिवार-रविवार, त्यात जे काय कमवायचं ते कमवायचं, पावसाळ्यात चार महिने धंदा बसतो पण घोडा खायचं थांबत नाही. हिरवा चारा वेगळा, भुसा वेगळा, चंदी वेगळी. नाल महिना-दीड महिन्याने बदलाव्या लागतात, नालबंद काही फुकट येत नाही. त्याला मी पाठीचं विचारलं. म्हणाला, माहितीये साहेब, हळद आणि खोबरेल लावतो रात्री, पण चार दिवस बसवून ठेवलं तरच सुकतं आणि दिवाळीत चार दिवस कोण बसवून ठेवणार. शेठ म्हणतो गिऱ्हाईक बघ. गिऱ्हाईक म्हणतं आठ पॉइंट कर. हे त्याने टोमणा म्हणून नाही म्हटलं, सहज म्हटलं, त्यामुळे जास्त लागलं.

आणि एक सांगतो, घोड्याकडे बघून तो बोलत होता तेव्हा त्याचा हात सतत ज्यूलीच्या आयाळीत होता, गाठी सोडवत होता, बोलता बोलता. म्हणून "घोडेवाले निर्दयी" असं जे लोक रीलच्या खाली लिहितात ना ते मला आता पटत नाही. काही असतीलही, चाबूक घेऊन फिरणारे मी बघितलेत. पण निर्दयीपणा सगळा घोडेवाल्याकडे आणि आपल्याकडे फक्त दया, अशी वाटणी सोयीची आहे, खरी नाही.

रस्त्यांच्या ब्लॉकचं पण त्याने सांगितलं. तुम्ही वाचलं असेल, माथेरानच्या लाल मातीच्या रस्त्यांवर ब्लॉक बसवायला घेतले, पावसात माती वाहून जाते म्हणून. घोडेवाल्यांचा विरोध, म्हणे घोडे घसरतात, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. मला तेव्हा वाटलेलं की हे लोक धंदा जाईल म्हणून नाटकं करतायत. पण आदल्या दिवशीच मी सुलतानवर असताना ब्लॉकच्या उतारावर त्याचा मागचा पाय सरकला होता, लोखंडी नालेचा 'खर्र' असा आवाज आला आणि एक क्षण आम्ही दोघं तिरके झालो, माझा हात खोगिराच्या कडीवर, पोराने लगाम खेचला, घोडा सावरला. मी हसलो होतो, लेकीला दाखवायला. आता विचार केला तर ३०० किलोचं जनावर लोखंडाच्या चार चपला घालून फरशीवरून उतरतंय आणि पाठीवर आयटीवाला.

आता याच्यात गंमत बघा. माथेरानात माणूस ओढायच्या रिक्षा होत्या, दोघं-तिघं घामाघूम होऊन एका माणसाला चढावर ओढायचे. त्याविरुद्ध तिथल्याच एका निवृत्त शिक्षकाने वर्षानुवर्षं लढा दिला, २०२२ मध्ये कोर्टाने ई-रिक्षाचा प्रयोग करायला लावला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की माणसाने माणूस ओढायचा हा प्रकार सहा महिन्यांत बंद करा आणि ई-रिक्षा या ओढणाऱ्यांनाच चालवायला द्या. फार चांगलं झालं, आणि खूप उशिरा झालं. यात मला सगळ्यात आवडलेला भाग शेवटचा. नुसतं बंद करा म्हणून हात झटकले नाहीत, त्या माणसाच्या हातात दुसरं काहीतरी द्या म्हणाले.

कारण नुसतं बंद करा याचं काय होतं ते आपण मुंबईत बघितलंय. गेटवेला, मरीन ड्राइव्हला त्या चंदेरी व्हिक्टोरिया घोडागाड्या असायच्या, लाइट लावलेल्या. लहानपणी मला वडिलांनी एकदाच बसवलं होतं, माझ्यासाठी ते विमानापेक्षा मोठं होतं. २०१५ मध्ये हायकोर्टाने मौजेसाठी व्हिक्टोरिया चालवणं बेकायदा ठरवलं, वर्षभराची मुदत दिली. तेव्हा मी फेसबुकवर लांबलचक काहीतरी लिहिलं होतं, मुंबईची शान गेली वगैरे, ती पोस्ट आता मीच डिलीट केली. डांबरावर, ट्रॅफिकमध्ये, रात्री अकराला, कोंदट तबेल्यातून आलेला घोडा ही कसली शान. पण हेही खरं की घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो आणि रोज पाच-सहा किलो सुका चारा खातो, निकाल लागला म्हणून त्याची भूक थांबत नाही आणि मालकाची पण नाही. बॅटरीवरच्या व्हिक्टोरिया आल्या २०२१ मध्ये, म्हणजे मध्ये किती वर्षं गेली बघा. म्हणून माथेरानचे घोडे उद्या सकाळी बंद करा असं मी म्हणणार नाही. कमी करा, वजनाची अट घाला, दस्तुरीवर एक वजनकाटा ठेवा (बायका-पुरुष सगळेच लाजून चालत जातील, अर्धा प्रश्न तिथेच सुटेल), खोगीर काढून पाठ तपासणारा एक डॉक्टर सुट्टीच्या दिवशी नाक्यावर बसवा, ज्याच्या पाठीवर ओली जखम त्याला त्या दिवशी रजा. रजेच्या दिवसाचे पैसे कोणी द्यायचे? आपण वर जाताना प्रवेश कर भरतोच की, त्यातून द्या. वीस रुपये जास्त घ्या.

ग्रुपवर हे लिहिलं तर एकाने विचारलं, मग तू वाघ बघायला जातोस ते? बरोबर पकडलं. दोन वर्षांपूर्वी ताडोब्याला गेलो होतो. तिथे कोणी वाघाच्या पाठीवर बसत नाही, त्यामुळे मनाला काही लागत नाही. पण माझ्या जिप्सीत काय झालं ते सांगतो. वाघीण रस्त्याच्या कडेला पाण्यात बसलेली, ड्रायव्हरने नियमाप्रमाणे लांब थांबवली. मागच्या सीटवरचे एक काका, मोठी लेन्स, म्हणाले "थोडं पुढे घ्या ना दादा, बघून घेऊ तुमचं". बघून घेऊ म्हणजे टिप. ड्रायव्हरने नाही म्हटलं. परत म्हणाले. तिसऱ्यांदा आम्ही सगळेच काही बोललो नाही, आणि आपण काही बोललो नाही की ड्रायव्हरला ते हो असं ऐकू येतं. गाडी पुढे सरकली, मागून आणखी चार सरकल्या. वाघीण उठली आणि झाडीत गेली, बस. दहा सेकंद. काका नाराज, म्हणे नीट पोझ नाही दिली.

३१ डिसेंबर २०२४ ला नागपूरजवळच्या उमरेड-करांडला अभयारण्यात काय झालं ते आठवत असेल. एफ-टू वाघीण आणि तिचे पाच बछडे, दोन्ही बाजूंनी जिप्स्या, मध्ये रस्त्यावर ही माय आणि पोरं अडकलेली. व्हिडिओ सगळीकडे फिरला, ड्रायव्हर-गाइडवर कारवाई झाली, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. कारवाई बरोबरच होती. पण त्या जिप्स्यांमध्ये मागे बसलेले होते ना कोणीतरी? वर्षाचा शेवटचा दिवस, पैसे भरलेले, "वाघ दिसला पाहिजे" म्हणून घरून निघालेले. माझ्यासारखेच, सहाच्या भावात आठ.

आमच्या मावशीचं केदारनाथ पण असंच. गौरीकुंडहून सोळा किलोमीटर चढ, मावशी खेचरावरून गेली, आल्यावर दर्शनाचं वर्णन अर्धा तास आणि खेचराचं एक वाक्य, "मेलं कडेकडेनेच चालत होतं, जीव मुठीत". २०२३ मध्ये त्याच वाटेवरचा व्हिडिओ आला होता, दोघं खेचराचं नाक दाबून त्याला सिगारेट ओढायला लावतायत. मावशीने तो फॉरवर्ड केला, खाली लिहिलं, माणूस आहे की राक्षस. ते खेचर त्या दिवशी कितवी फेरी करत होतं आणि पाठीवर कोण बसणार होतं, हा विचार मावशीच्या डोक्यात आला नसणार. मला तरी कुठे आला होता. मावशीला मी हे तोंडावर बोलणार नाही, ती देवाला गेली होती, मी चिक्की खायला.

तर परतीचा दिवस. शटलला ही लाइन, आधीची ट्रेन फुल, पुढचीला दीड तास. आई म्हणाली मी थांबते बाकावर, तुम्ही चाला. बायको तिच्याबरोबर थांबली. मी आणि लेक मार्केटपासून दस्तुरीपर्यंत चालत निघालो, जेमतेम अडीच-तीन किलोमीटर आहे ते, आयुष्यभर ऐकत आलो की "बहोत दूर है". वाटेत माकडांनी लेकीच्या हातातलं चिप्सचं पाकीट नेलं. ते पाकिटासकट चघळताना बघून ती म्हणाली, बाबा, घोड्याने प्लास्टिक खाल्लं तर? डॉक्टरमित्राने सांगितलेलं मी तिला सांगितलं होतं, घोड्याला उलटी होत नाही, शरीरातच सोय नाही, त्यामुळे पोटात काही अडकलं की फार वाईट. तिने उरलेली बिस्किटं बॅगेत टाकली. आधी ती ज्यूलीसाठी घेतलेली.

अर्ध्या वाटेत मागून टापा आल्या. तोच पोरगा, खाली दस्तुरीला गिऱ्हाईक आणायला चाललेला, दोन्ही घोडे रिकामे. सुलतानवर खोगीर होतंच. "बसा साहेब, रिकामाच चाललोय, पैसे नको." मनापासून म्हणाला तो. मी म्हटलं नको, चालतो. त्याला ते कळेना. म्हणाला, पोरीला तरी बसवा, ती काय वजनाची आहे. खरं तर लेक बसली असती तर चाललं असतं, जेमतेम बत्तीस किलोची आहे, डॉक्टरमित्रानेही तिला पास केलं होतं. मी तिच्याकडे बघितलं. ती सुलतानकडे बघत होती, मग म्हणाली, त्याचं खोगीर काढलं तर मी बरोबर चालेन.

पोरगा हसला. "खाली जाऊन परत घालावं लागेल, दहा मिनिटं जातील." मग काय वाटलं त्याला माहीत नाही, थांबला, तंग सोडला, खोगीर उचलून स्वतःच्या खांद्यावर टाकलं. गोणपाट पाठीला चिकटलेलं, ते त्याने हलकेच एका कडेने सोडवलं. सुलतान आधी तसाच उभा राहिला. मग सगळं अंग असं थरथरवलं, मानेपासून शेपटीपर्यंत, ओला कुत्रा झटकतो तसं, आणि लाल धूळ आमच्या तिघांच्या तोंडावर. लेक खिदळली. पोरगा शेठच्या नावाने काहीतरी पुटपुटला आणि आम्ही दस्तुरीपर्यंत तसेच गेलो. समोरून येणारे घोडेवाले त्याला काय काय बोलत होते, घोडा तू हो आता वगैरे.

नाक्यावर पोचल्यावर त्याला पैसे द्यायला गेलो. कसले, म्हणाला. म्हटलं परवाचे, दोन पॉइंटचे. घेतले त्याने. मोजले, खिशात टाकले, खोगीर परत चढवलं आणि नुकत्याच थांबलेल्या एका इनोव्हाच्या खिडकीशी पळाला.

आई-बायको पाऊण तासाने ट्रेनमधून उतरल्या. आई घामाघूम, उभ्याने आली होती, कोणी जागा दिली नाही म्हणे. टॅक्सीत बसल्यावर तिला सगळं सांगितलं, पांढऱ्या केसांचं, वजनाचं, १९६५ च्या नियमांचं. ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, "बरं, पुढच्या वेळी आपण सगळेच ट्रेनने जाऊ." मी म्हटलं हो. ती म्हणाली, "तिकीट मिळालं तर."